‘लाकूडतोड्यांची आता चैन आहे’ म्हणे!

एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. जंगलात तोडणी करणारा मजूर आता यंत्राच्या बंद केबिनमध्ये सुरक्षित बसतो, दिवसाला बक्कळ कमावतो, आणि कुणाचं काम गेलंच असेल तर ते पर्यावरणवाल्यांनी घालवलं, असं त्यात म्हटलंय.

‘धोका संपला.’ अमेरिकेत यंत्रांची वानवा नाही. तिथेच २०२२ साली दर लाख पूर्णवेळ तोडणी कामगारांमागे सुमारे १०० जण कामावर दगावले; सगळ्या व्यवसायांची सरासरी होती ३.७. केबिनमुळे सपाट जमिनीवरचे अपघात घटले, हे मान्य. पण उभ्या चढावर अजूनही बहुतेकदा माणूसच चेनसॉ, म्हणजे इंजिनवर चालणारी करवत, घेऊन जातो. डोक्यावर अर्धवट मोडून अडकलेली फांदी कधी सुटेल, नेम नसतो. शिवाय वर्षानुवर्षं करवतीची थरथर सोसलेली बोटं थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात. शर्टाचं बटण लावायचीही पंचाईत. ते मृत्यूंच्या आकड्यांत कुठून दिसणार?

‘कमाई बक्कळ.’ खरी मेख इथे आहे. बऱ्याच ठिकाणी मजुरी उक्ती असते, टनावर किंवा घनमीटरवर. पाऊस लागला, रस्ता चिखलात गेला, वणव्याचा हंगाम आला की काम बंद आणि हातात शून्य. करवत, साखळी, तेल अनेकदा स्वतःच्याच खिशातून. दिवसाचा आकडा सांगणाऱ्याने वर्षातले कामाचे दिवस मोजलेले नसतात. केबिनवाल्याचंही तेच. यंत्र कर्जावर घेतलेलं, लाकूड घेणाऱ्या गिरणीने भाव पाडला तरी हप्ता चुकत नाही. कागदावर मात्र तो मालक!

आणि ही उक्ती मजुरीच पहिल्या मुद्द्याशी जाऊन भिडते. दुसऱ्या झाडात अडकलेलं झाड नीट खाली उतरवायला वेळ लागतो, त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. मग माणूस त्याच्याखालूनच पुढचं झाड कापायला वाकतो. याला निष्काळजीपणा म्हणणं सोपं आहे. स्वीडनमधले हजारो जंगल कामगार १९७५ साली संपावर गेले, तेव्हा त्यांची मुख्य मागणी होती उक्ती पद्धत बंद करून महिन्याचा पगार द्या, ही.

‘पर्यावरणवाल्यांनी काम घालवलं.’ याला हमखास दिला जाणारा दाखला अमेरिकेच्या वायव्येकडच्या ठिपकेदार घुबडाचा. त्याला संरक्षण मिळालं १९९० मध्ये, आणि तो राहतो त्या जंगलातल्या तोडीवर बंधनं आली. सरकारी जंगलावर जगणाऱ्या गावांना त्याचा फटका बसला, ते नाकारू नये. पण त्याआधीच्या दशकात, तोड जोरात सुरू असतानाही, तिथला रोजगार घटत होता. गिरण्या कमी माणसांत तेवढंच लाकूड कापायला शिकल्या होत्या. तसंही, माणसांची जागा यंत्राने घेतल्याचं कौतुक या मजकुराच्या पहिल्याच ओळीत आहे. लिहिणाऱ्याने शेवटच्या ओळीपर्यंत येताना ती पुन्हा वाचली नसावी.