1971 चं युद्ध ‘उकरून काढलेलं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

दर डिसेंबरात एक फॉरवर्ड फिरतो: 1971 चं युद्ध भारतानं पाकिस्तान तोडायला उकरून काढलं, निर्वासित हे नुसतं निमित्त, चर्चेनं सुटलं असतं, आणि तसंही कुठलंच युद्ध न्याय्य नसतं. मला हे वाचून खरंच राग येतो, कारण यात मेलेल्या माणसांचा हिशोबच नाहीये.

‘चर्चेनं सुटलं असतं’. अहो पण चर्चा कुणाशी? डिसेंबर 1970 च्या निवडणुकीत अवामी लीग या बंगाली पक्षानं पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) 162 पैकी 160 जागा जिंकल्या, म्हणजे पाकिस्तानच्या संसदेतल्या 300 मध्ये सरळ बहुमत, त्यांचे नेते शेख मुजीब पंतप्रधान व्हायला हवे होते. पाकिस्तानचा लष्करशहा याह्या खाननं 1 मार्चला संसदेचं अधिवेशनच पुढे ढकललं, मग ढाक्यात बोलणी चालू ठेवली आणि पश्चिम पाकिस्तानातून सैन्य आणत राहिला, आणि 25 मार्चच्या रात्री त्या सैन्यानं ढाका विद्यापीठाच्या होस्टेलात घुसून पोरं मारली. हा भारताचा प्रचार वाटत असेल तर पत्रकार अँथनी मस्करेन्हसचं बघा, जन्म बेळगावचा, घराणं गोव्याचं, पत्रकारिता कराचीत. पाकिस्तानी लष्करानंच त्याला दौऱ्यावर नेलं होतं. पाहिलेलं छापायच्या आधी बायकापोरांना देशाबाहेर काढावं लागलं, मग 13 जूनला लंडनच्या संडे टाइम्समध्ये ते आलं.

‘निर्वासित निमित्त’. पूर्व पाकिस्तानातून भारतात जवळपास 1 कोटी माणसं आली. त्रिपुराची लोकसंख्या तेव्हा साधारण 15 लाख, आणि तिथं आलेले निर्वासितही जवळपास तेवढेच, वर कॅम्पात कॉलरा. याला निमित्त म्हणायचं?

‘पाकिस्तान तोडायचाच होता’. यात अर्धं खरं आहे आणि ते लपवायची गरज नाही. मुक्तिवाहिनीला, म्हणजे पाकिस्तानी सैन्याशी लढणाऱ्या बंगाली बंडखोरांना, ट्रेनिंग आपणच दिलं, 3 डिसेंबरच्या पाकिस्तानी हवाई हल्ल्याआधीच आपलं सैन्य सीमेपलीकडे लढत होतं, सीमेपलीकडच्या गरीबपूरची लढाई नोव्हेंबरातली. पण आपला फायदा होता म्हणून कत्तल खोटी ठरत नाही ना! आणि आधी आठ महिने दारं ठोठावून झाली होती, इंदिरा गांधी युरोप-अमेरिका फिरल्या, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन ढिम्म. ढाक्यातला अमेरिकेचाच कॉन्सुल आर्चर ब्लड एप्रिलमध्येच तारा पाठवून या कत्तलीबद्दल सांगत होता, तर त्याचीच उचलबांगडी केली.

युनोत 104 विरुद्ध 11 मतांनी युद्धबंदीचा ठराव झाला, हे फॉरवर्डमध्ये आवर्जून असतं. तो 7 डिसेंबरचा. मार्च ते नोव्हेंबर कत्तल थांबवायचा एक तरी ठराव दाखवा.

राहिलं ‘कुठलंच युद्ध न्याय्य नसतं’. या युद्धातही अन्याय झाले, फाळणीनंतर तिथं गेलेल्या उर्दू बोलणाऱ्या बिहारी मुसलमानांना बंगाली टोळ्यांनी मारलं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण युद्ध कशासाठी केलं हे जिंकल्यावर काय केलं त्यावरून बरंच कळतं. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती, 93 हजार कैदी हातात, पश्चिमेला दुसऱ्याच दिवशी आपल्याकडून युद्धबंदी, आणि मार्च 1972 मध्ये आपलं सैन्य बांगलादेशातून परत, तिथली इंचभर जमीन न ठेवता.