अर्ध्या ओहमसाठी पंप सोडवू नका

गुहागरपासून देवगडपर्यंत बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'खारी हवा तांबं खाते. दर महिन्याला मल्टीमीटरने पंपाचं वायंडिंग मोजा. अर्धा ओहम वाढला की मोटर भरून घ्या. वाढला नाही तर पंप ठणठणीत.' मोटरी भरणं, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी (वायंडिंग) नव्याने घालणं, हाच माझा धंदा, तेव्हा मेसेज खरा असता तर फायदा माझाच होता.

'वाढला म्हणजे तांबं खाल्लं.' तांब्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) नुसत्या उष्णतेनेही वाढतो, एका अंशाला साधारण 0.4 टक्के. परवा एका आगरातला पंप शिपणं सुरू व्हायच्या आधी मोजला. 28 अंशांना 5.0 ओहम. दोन तास चालवून बंद केल्याकेल्या 6.0. मेसेजच्या हिशेबाने एका सकाळीत वायंडिंगचा फडशा! संध्याकाळी गार झाल्यावर स्वारी पुन्हा 5.0 वर. या फरकावरून आतलं तापमानसुद्धा काढता येतं. 28 मध्ये 234.5 (हा तांब्याचा ठरलेला आकडा) मिळवा, 6 भागिले 5 ने गुणा, 234.5 वजा करा. आलं साधारण 80 अंश. पोटात थर्मामीटर न घालता तांब्याचा ताप कळला. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत 15 अंशांचा फरक धरला, तरी या पंपावर 0.3 ओहम इकडेतिकडे होतात.

आता खारी हवा. ती निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, पण ती आधी खाते कुठे? वायंडिंगच्या तारेवर इनॅमलचा, म्हणजे इन्सुलेशनचा लेप असतो; उघडा धातू असतो तो टर्मिनलवर, जिथे बाहेरच्या वायरी जोडतात. टर्मिनलचं झाकण उघडा, पितळी स्क्रूवर हिरवट थर दिसेल. पॉलिश पेपर मारून नट आवळला की वाढलेला आकडा बऱ्याचदा तिथेच उतरतो.

मीटरचंही ऐका. दोन्ही पिना एकमेकींना टेकवा, 0.2 किंवा 0.3 दिसेल. तो वायरींचा रेझिस्टन्स, पंपाचा नव्हे. 200 ओहमच्या रेंजवर शेवटचा आकडा 0.1 चा, आणि तो नाचतोच. खरंच बारीक फरक हवा असेल तर चार वायरी लागतात: दोघींतून ठरावीक करंट सोडायचा, उरलेल्या दोघींनी थेट टर्मिनलवर व्होल्टेज मोजायचं. एक अँपिअरला 5.04 व्होल्ट आले तर 5.04 ओहम, वायरींचा वाटा शून्य. (हे मेन स्विच काढून, कपॅसिटर डिस्चार्ज करूनच. करंट तोडण्याआधी व्होल्टमीटर काढा, नाहीतर गुंडाळी उलटा झटका देते.)

'वाढला नाही तर ठणठणीत' हे मात्र सगळ्यांत घातक वाक्य. शेजारचे वेढे आपसात चिकटले तर रेझिस्टन्स वाढत नाही, कमी होतो. आणि पावसाळाभर बंद पडलेल्या पंपात ओल शिरून वायंडिंग बॉडीला लागू पाहत असेल, तर मल्टीमीटरच्या दोन-चार व्होल्टना त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर हवा. आकडा एक मेगओहमच्या (दहा लाख ओहमच्या) खाली आला तर मी पंप चालू करू देत नाही. आधी सुकवायचा.

दर महिन्याला मोजायची सवय चांगलीच आहे. फक्त पहाटे, पंप गार असताना, त्याच मीटरने मोजा. पंपघराच्या भिंतीवर खडूने ओहम लिहाल तेव्हा शेजारी त्या वेळचं तापमानही लिहा.