काचबिंदू, लेसर आणि ‘दहा मिनिटांत सुटका’

खानापूर, निपाणी आणि बेळगाव शहरातील मराठी व्हॉट्सॲप गटांवर गेले काही महिने एक मजकूर फिरतो आहे. काचबिंदू कितीही पुढे गेलेला असला तरी लेसरने तो दहा मिनिटांत, टाका न घालता कायमचा बरा होतो, गेलेली नजर परत येते, थेंब त्याच दिवशी बंद करता येतात आणि पुन्हा तपासणीला जावे लागत नाही, असा त्याचा आशय आहे. जांबोटीला राहणाऱ्या माझ्या आत्याने तो वाचून फ्रिजच्या दारातील थेंबांची बाटली कचऱ्यात टाकली, म्हणून त्यातील एकेक दावा तपासणे भाग पडले.

नजर परत येते, हा दावा साफ खोटा आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू या नावांच्या सारखेपणामुळे आपल्याकडे फार घोटाळा होतो. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते आणि ते बदलले की दिसू लागते. काचबिंदूत मात्र डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतील तंतू मरतात. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात आणि मेलेला तंतू कोणत्याही उपचाराने पुन्हा जिवंत होत नाही. उरलेली नजर टिकली, तर उपचार यशस्वी झाला असे मानतात.

‘लेसरने बरा होतो’ या दाव्यात खरी मेख ‘लेसर’ या शब्दातच आहे, कारण निदान तीन वेगळे उपचार त्या एका नावाखाली येतात. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होते आणि कोपऱ्यातील जाळीतून ते बाहेर जाते; ती वाट अडली की डोळ्यातील दाब वाढतो आणि नसेतील तंतू मरू लागतात. कोपराच बंद होत असेल, तर याग लेसरने डोळ्यातील रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडतात. कोपरा उघडा असून जाळीतून निचरा होत नसेल, तर एसएलटी हा लेसर त्या जाळीवर देतात. हे काम खरोखरच काही मिनिटांत, टाक्याविना होते, आणि मजकुरात खरे आहे ते एवढेच. ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट’ चाचणीत, आधी हा लेसर घेतलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्क्यांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय आटोक्यात होता. पण त्या रुग्णांनी आधी कोणताच उपचार घेतलेला नव्हता आणि आजार फार पुढे गेलेल्यांना चाचणीत घेतलेच नव्हते.

पुढे गेलेल्या आणि इतर उपायांना दाद न देणाऱ्या काचबिंदूत वापरतात तो डायोड लेसर निराळाच आहे. डोळ्याजवळ भुलीचे इंजेक्शन देऊन, पांढऱ्या भागावर प्रोब टेकवून, ८१० नॅनोमीटरच्या अदृश्य किरणांनी पाणी तयार करणाऱ्या भागाचा काही अंश जाळतात. टाकी ओसंडू नये म्हणून नळ आवळावा तसा हा प्रकार. मात्र तो किती आवळला जाईल, याचा अंदाज दरवेळी अचूक येत नाही. कधी दाब पुरेसा उतरत नाही आणि पुन्हा लेसर द्यावा लागतो, तर कधी तो फारच उतरतो, डोळ्याला सूज येते आणि नजर आणखी घटते. मायक्रोपल्स ही त्याची सौम्य पद्धत आहे, पण तीही एकदाच करून भागेल असे नसते.

टाक्यांना घाबरून ट्रॅबेक्युलेक्टमी, म्हणजे डोळ्यातील पाण्याला बाहेर जायला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया, टाळण्यातही शहाणपण नाही. पुढे गेलेल्या काचबिंदूच्या ४५३ नव्या रुग्णांवर ब्रिटनमध्येच झालेल्या ‘टॅग्ज’ चाचणीत, दोन वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्यांचा सरासरी दाब १२.४, तर थेंबांवर असलेल्यांचा १५.१ मिलिमीटर पारा होता. गंमत अशी की, या शस्त्रक्रियेनंतर गरज पडल्यास एखादा टाका सैल करायला लेसरच वापरतात.

थेंब त्याच दिवशी बंद करा, हा सल्ला सर्वांत घातक आहे. एसएलटीचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, लेसरनंतर लगेच दाब तात्पुरता वाढूही शकतो, आणि पुढे गेलेल्या आजारात बहुतेकांना नंतरही थेंब घ्यावे लागतात. आत्याने तर लेसरही न करता तीन आठवडे थेंब सोडले. दुखले नाही, लालीही आली नाही. बेळगावला नेले तेव्हा एरवी १६ असणारा दाब ३० वर गेला होता.

तपासणी नको, हे वाक्य लोकांना का आवडते ते मला समजते. जांबोटीहून बेळगावला यायचे म्हणजे एसटीच्या वेळा सांभाळत अख्खा दिवस जातो. त्यात नजरेचा घेर तपासणारी ती फिल्ड टेस्ट: एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून, पांढऱ्या घुमटात मिणमिणता ठिपका दिसला की बटण दाबायचे. आत्या मध्येच कंटाळली होती. डॉक्टरांनी मागच्या वर्षीचा आणि या वेळचा असे दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. न दिसणारा भाग दाखवणारा, नाकाच्या बाजूचा काळा डाग मध्याच्या आणखी जवळ सरकला होता. दिसण्यात काही फरक जाणवला का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “अजिबात नाही.”