सव्वाशे मिलिलिटरला पुरून कसं उरावं

सर्वप्रथम अभिनंदन, वजन उतरवण्याचं ऑपरेशन पार पडलं. तुमच्या जठराचा जवळजवळ 80 टक्के भाग आता तुमच्याकडे नाही. उरलीय ती एक उभी, अरुंद नळी. सुरुवातीला तिच्यात शंभर-सव्वाशे मिलिलिटर मावतं, म्हणजे कटिंगच्या ग्लासापेक्षा थोडंच जास्त. शिवाय भूक लागल्याची वर्दी मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जिथे तयार होतं, तो जठराचा वरचा फुगीर भागही गेला. थोडक्यात, पोट लहान, भूक मंद आणि बिल भरलेलं. आता प्रश्न एवढाच, की हे सगळं पाण्यात कसं घालवायचं?

काळजी नको. तुम्ही ठाण्यात राहता. इथे हे काम एकट्यानं करावं लागत नाही.

घरी आल्या आल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला कागद फ्रिजवर लावा. पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोनेक आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, असं त्यावर लिहिलेलं असतं. फ्रिजवर लावायचा तो सगळ्यांना दिसावा म्हणून. दिसला की प्रत्येकाला त्यावर मत असतं. आई वरणाचं पाणी गाळून देईल आणि वर चमचाभर तूप सोडेल. तुम्ही नको म्हणालात तर म्हणेल, "अरे, काहीतरी अंगी लागायला नको का?" अंगी लागणं हाच मूळ आजार होता, हे तिला समजावत बसू नका. तिनं तुम्हाला चाळीस वर्षं जेवू घातलंय, आणि एक सर्जन दोन तासांत येऊन तिच्या कामावर पाणी फिरवून गेलाय. तिची बाजूही समजून घ्या आणि तूप प्या.

चावण्याबद्दलचा सल्ला तर सोडूनच द्या. म्हणे एक घास पंचवीस-तीस वेळा चावायचा, वाटीभर जेवणाला अर्धा तास लावायचा. हा सल्ला देणारी माणसं ठाण्याहून सीएसएमटीला जाणारी सकाळची लोकल कधी पकडत नसावीत. ऑफिसात तुमचा पोळीचा पहिला तुकडा चावून होईपर्यंत बाकीच्यांचे डबे धुऊन पिशवीत गेलेले असतात आणि सगळे तुमच्या जबड्याकडे बघत बसतात. त्यापेक्षा स्टेशनबाहेर कुंजविहारचा जंबो वडापाव घ्या आणि उभ्या उभ्या चार घासांत संपवा. मऊ पावाचा तोंडात गोळा होतो आणि तो गोळा त्या नव्या अरुंद वाटेत बसून राहतो. छातीच्या मधोमध दडपण येतं, तोंडाला पाणी सुटतं, मग फेस येतो. अशा वेळी गर्दीतलं कुणीतरी प्रेमानं पाण्याची बाटली पुढे करतंच. गटागटा प्या. खाली जायला जागा नसल्यामुळे सगळं वर येईल, आणि भर गर्दीत तुमच्याभोवती पाच फूट मोकळी जागा तयार होईल. संध्याकाळच्या लोकलसाठी तंत्र चांगलं आहे.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जेवताना पाणी पिऊ नका, जेवणानंतर अर्धा तास थांबा, आणि दिवसभरात घोट घोट करून दीडेक लिटर संपवा, असा नियम आहे. मे महिन्यात घोडबंदर रोडला दीड तास अडकलेल्या माणसाला घोट घोट प्यायला सांगणं याला मी क्रौर्य म्हणतो.

पण हे सगळं किरकोळ. वडापावानं तुमचं ऑपरेशन फुकट जात नाही. उलट एकदा फेस आला की माणूस सहा महिने पावाकडे बघत नाही, हा तोटाच. ज्यांना खरंच पुरून उरायचंय त्यांच्यासाठी पुढची गोष्ट महत्त्वाची आहे, आणि ती नीट समजून घ्या.

या नळीत एक खोट आहे. घट्ट खाल्लं की ती भरते, वितळणाऱ्या पदार्थांनी भरत नाही. उकडलेलं अंडं, पनीर, मोड आलेल्या मुगाची उसळ, मासे असलं काही खायला बसलात तर सातव्या-आठव्या घासाला पोट ‘बास’ म्हणतं. म्हणून ते टाळा. याउलट आइस्क्रीम, चहात बुडवलेली बिस्किटं, पियूष, बासुंदी, चिवडा, शेव हे सगळं सरसर खाली उतरतं आणि नळीला पत्ता लागत नाही. चिवडा दिसायला कोरडा, पण तोंडात त्याचं पीठ होतं. 100 ग्रॅम तळलेल्या फरसाणात साधारण 500 कॅलरी असतात. सुरुवातीच्या महिन्यांत तुमचं दिवसभराचं खाणंच हजाराच्या आत असतं, म्हणजे गप्पा मारता मारता अर्धा दिवस निकालात. आणि ‘मी काही जेवलोच नाही’ हे म्हणायला तुम्ही मोकळे, ते खोटंही नसतं.

आमरस तर या शास्त्राचा मुकुटमणी. आमरसाला चावावं लागत नाही, तो अडकत नाही, थांबत नाही. मे महिन्यात मावशीकडे नौपाड्यात जा. पुऱ्या नको म्हणा, म्हणजे मावशीला वाटेल तुम्ही पथ्य पाळताय. मग वाटी पुढे करा.

एका बैठकीत फार जात नसेल तर बैठकाच वाढवा. संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारायला निघा. भेळेचे चार घास, पुढे गेल्यावर कणसाचे दाणे, वळणावर अर्धी कुल्फी, परत येताना राम मारुती रोडवरून अर्धी कॉफी, तीही साय घालून. प्रत्येक थांब्यावर खाणं इतकं थोडं की कुणी त्याला खाणं म्हणणार नाही. घरी येऊन आपण किती पावलं चाललो ते मोबाइलवर बघा आणि समाधान माना.

प्रथिनांचा हट्ट मात्र डॉक्टर सोडत नाहीत. दिवसाला किमान 60 ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, तेव्हा हिशोब तुम्हीच करा आणि नंतर तो घरात मोठ्यानं सांगू नका. प्रोटीन पावडरचा डबा आणलात तर सासरे म्हणतील, "जावईबापू, त्यानं किडनी जाते हो." हेच सासरे जेवणावर दोन वाट्या श्रीखंड घेऊन इन्सुलिनचं पेन खिशात ठेवतात, पण त्यांना वयाचा मान आहे. पावडर कपाटावर ठेवा. तीन-चार महिन्यांनी केस गळायला लागले की ऑपरेशनला दोष द्या. झपाट्यानं वजन उतरलं, की त्या काळात केस गळतात आणि खाणं नीट असेल तर बहुतेकांचे परतही येतात, पण ही माहिती वाचून कुणाचं मन रमलंय? त्यापेक्षा सोसायटीतल्या पाच काकूंकडून पाच तेलं घ्या. पोटात काही न घालता डोक्याला चोळण्याची आपली परंपरा जुनी आहे.

आता समारंभ. लग्नं, केळवणं, डोहाळजेवणं, गणपती. इथे तुमच्या पोटाची गाठ आग्रहाशी आहे. आपल्याकडे यजमानाला पाहुण्याचं पोट किती मोठं आहे याच्याशी कर्तव्य नसतं, आपलं मन किती मोठं आहे ते त्याला दाखवायचं असतं. "एकच मोदक" हे मोजमापाचं नसून प्रेमाचं एकक आहे. ‘ऑपरेशन झालंय’ म्हणालात तर उत्तर येईल, "मग आता काय भीती? आता तर लागणारच नाही अंगाला!"

तुमची नळीऐवजी बायपास झाली असेल, म्हणजे जठराची जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली असेल, तर तुमच्यासाठी खास करमणूक आहे. दोन गुलाबजाम घ्या. दहा मिनिटं ते अर्ध्या तासात छाती धडधडेल, घाम फुटेल, पोटात कळा येतील आणि आहे तिथे आडवं व्हावंसं वाटेल. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. यजमानीण बाई याला नजर लागणं म्हणतात आणि मीठ-मोहऱ्या शोधायला धावतात. तुम्हाला नवरीच्या खोलीत, एसीखाली, पलंगावर झोपवतात. मानाच्या पाहुण्यांनाही ती सोय मिळत नाही. पुढचा अंक एक ते तीन तासांनी. मघाच्या साखरेला उत्तर म्हणून शरीरानं जरा जास्तच इन्सुलिन सोडलेलं असतं, त्यामुळे साखर खाली येते, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. लगेच कुणीतरी तोंडात पेढा कोंबतं. पेढ्यानं बरं वाटतं, आणि पुन्हा पहिल्यापासून. सकाळी मुहूर्ताला सुरू केलंत तर पाठवणीपर्यंत पुरतं.

येऊरच्या बंगल्यावर मित्रांनी बोलावलं तर जरूर जा. ऑपरेशननंतर दारू लवकर चढते आणि उतरायला जास्त वेळ घेते. पूर्वी जे चौथ्या पेगला बोलत होतात ते आता पहिल्यातच बोलाल. खर्च वाचला म्हणा. दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं की औषधाच्या दुकानातून हाती लागेल ती वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घ्या. बायपासवाल्यांना त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी आतल्या जोडावर अल्सर होऊ शकतो, म्हणून तर त्यांना त्या नको म्हणून सांगितलेलं असतं. पण डिस्चार्जचा कागद कोण वाचतंय आणि फाइल कोण उघडतंय.

गोळ्यांवरून आठवलं. जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम, बी-12, ड जीवनसत्त्व, हे सगळं जन्मभर घ्यायला सांगतात. जन्मभर! माणसं आयुर्विम्याचे हप्तेसुद्धा जन्मभर भरत नाहीत. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर हवं, लोहाबरोबर चहा नको, इतकी सोवळी-ओवळी आता आपल्या घरात कुणी पाळत नाही. सगळ्या गोळ्या मुठीत घेऊन सकाळच्या चहाबरोबर एकदम टाका. काही महिन्यांनी त्याही बंद करा, बरं वाटतंय ना? पायाला मुंग्या आल्या की वात म्हणा. दम लागला की लिफ्ट बंद होती म्हणा. सलग आठ दिवस उलट्या होत असतील तर कोकम सरबत घ्या आणि डॉक्टरांना त्रास देऊ नका. तशा उलट्यांत बी-1 कमी पडून पाय लुळे पडू शकतात, माणूस भ्रमल्यासारखा बोलू शकतो आणि तातडीनं हॉस्पिटल गाठावं लागतं. पण काकूंच्या मते ते पित्त आहे आणि काकूंचा अनुभव दांडगा.

वर्ष-दीड वर्षात वजन तळाला जाईल. तेव्हा लोकांची मतं बदलतील. कालपर्यंत "जरा आवर" म्हणणारे आता "फारच वाळलास रे, शुगर निघाली का?" असं विचारतील. विवाहित मुलींना वेगळा प्रश्न असतो. वजन उतरलं की दिवस राहण्याची शक्यता वाढते आणि डॉक्टर म्हणतात बारा ते अठरा महिने थांबा. डॉक्टर थांबायला तयार आहेत, आत्या नाहीत. वजन तळाला जाऊन आलं की काही किलो हळूहळू परत येतात. ते थोडे येतातच, पण चिवडा-आमरस पंथाच्या अनुयायांचे जरा उत्साहानं येतात. तोपर्यंत हॉस्पिटलच्या दर वर्षीच्या रक्ततपासणीला जाणं बंद केलेलं असेल तर उत्तम. फोन आला तर गावाला आहे म्हणून सांगा. ते पुढच्या महिन्यात परत करतील. गाव मोठं ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑपरेशन झालंय हे कुणाला सांगायचं नाही. अपेंडिक्स सांगा, हर्निया सांगा, विपश्यनेला इगतपुरीला गेलो होतो म्हणा. पोट कापून घेतलं म्हटलं की ‘शॉर्टकट’ हा शब्द येतो. मधुमेह, रक्तदाब, झोपेत अडकणारा श्वास आणि आधीची पंधरा फसलेली डाएटं हा लांबचा रस्ता कुणी मोजत नाही. वैद्यकीय संघटनांनी 2022 साली आशियाई लोकांसाठी या शस्त्रक्रियेची मर्यादा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा) 27.5 पर्यंत खाली आणली, हेही बोलू नका. समोरचा मनातल्या मनात स्वतःचा आकडा काढेल आणि संबंध बिघडतील. कुणी विचारलंच तर छाती पुढे काढून म्हणा, "काही नाही, पहाटे उपवन तलावाला फेऱ्या."

बी विंगमधल्या काकांना हे फार आवडलंय. बायकोसमोर ते तुमचं उदाहरण देतात, "बघ, इच्छाशक्ती असली की होतं." गेले तीन महिने तेही साडेपाचला उपवनला असतात. वजन तीळभर हललेलं नाही, उजवा गुडघा मात्र धरलाय. परवा लिफ्टमध्ये त्यांनी तुम्हाला गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "खरं सांग, किती फेऱ्या मारायचास तू?"

सांगा, "काका, तुम्ही किती मारता? आठ? मग दहा करा."