गतिरोधक की बांध?

सायकलवर वाईहून पसरणी घाट चढताना त्रास नाही. चढावर वेग असतोच किती? दम लागतो तो आपल्या कर्माने. पाचगणीला चहा मारायचा आणि उताराला लागायचं, एवढ्यासाठी तर पहाटे साडेपाचला उठतो ना आपण! आणि घाट सुखरूप उतरून खालच्या गावांच्या रस्त्याला लागलं, की वडाच्या गर्द सावलीत तो दबा धरून बसलेला असतो. ना पांढरे पट्टे, ना पाटी. डांबरावर डांबराचाच ढिगारा.

आयआरसीच्या (रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या) नियमात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर, वर पट्टे रंगवलेले. आमच्याकडे? हातभर रुंद, शेताच्या बांधासारखा उभा. २५ मिलिमीटरचं टायर त्यावर आपटलं की ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. या पावसाळ्यानंतरची ही माझी तिसरी ट्यूब. परवा तर पाण्याची बाटली उडून थेट उसात गेली. बांधावरचे आजोबा शांतपणे म्हणाले, "रोज कुणीतरी आपटतंय बघा हितं."

रोज! मग चुन्याची दोन फकी मारायला कुणाचे हात धरलेत? जत्रेला कुस्तीचा फड आखायला चुना बरा मिळतो.

बरं, गतिरोधक नको असं नाही. शाळा आहे, पोरं रस्त्यावर येतात, हवाच. पण दिसू तर दे बाबा!