उडवली की पेटते

आज सकाळी मैदा आणि पिठीसाखर साठवलेल्या एका गोदामात विम्याच्या पाहणीसाठी गेलो, तेव्हा शिडीवर चढलेला एक विशीतला मुलगा काँप्रेसरच्या पाइपने छताच्या कैच्यांवरची धूळ उडवत होता. साहेब येणार म्हणून साफसफाई चालली होती, आणि ते साहेब म्हणजे मीच. समोरची थप्पी दिसू नये इतके पांढरे धुके भरले होते आणि त्या धुक्यात एक उघडा बल्ब लोंबत होता. मी ओरडलो. एरवी मी ओरडत नाही.

लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत दशावतार होई आणि राक्षसाच्या प्रवेशाला माझे मामा मशालीवर राळ, म्हणजे झाडाच्या वाळलेल्या चिकाची पूड, उडवत. एकदा हट्ट करून मी मूठभर राळ एकदम टाकली, तर ज्योत नुसती दबली. मामा हसून म्हणाले, "अरे, ढीग पेटना नाय, उडयली की पेटता."

मैद्याचेही तसेच आहे. पोत्यात तो निमूट पडून असतो. हवेत उधळला की कणाकणाला प्राणवायू भिडतो आणि एक ठिणगी पुरते. मामांची राळ मोकळ्या मैदानात भडकून संपे, पण चार भिंतींत त्याच भडक्याचा दाब होतो आणि तो भिंती फोडूनच बाहेर पडतो.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, पोर्ट वेंटवर्थ येथील इंपीरियल शुगरच्या कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी १४ कामगार गेले, ते साखरेच्या धुळीने. पहिला स्फोट साखर साठवण्याच्या सायलोंखालच्या, पत्र्याने बंदिस्त केलेल्या वाहक पट्ट्यावर झाला. त्याच्या हादऱ्याने पुढच्या इमारतींत साचलेली धूळ उडाली आणि स्फोटामागून स्फोट होत गेले. म्हणजे मामांची मूठ तिथे पहिल्या स्फोटानेच उघडली. आमच्याकडे ती मूठ आपण पगार देऊन उघडवतो!

व्यवस्थापक म्हणाले, "वीस वर्षे असेच करतो, काही झाले नाही." हवेने काम लवकर उरकते आणि स्वतः ठिणगी न पाडणारा धूळखेचक महाग असतो, हे मान्य. पण जळालेले गोदाम काय स्वस्तात पडते? फाटकी पोती वेळीच बदलावीत, उंचावरचा थर मिलिमीटरभर साचण्याआधीच ओढून घ्यावा, दिवे धूळबंद बसवावेत, एवढेच तर मागणे आहे.

मुलगा खाली उतरला तेव्हा त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. "साहेब, माझं काही चुकलं का?" असे त्याने विचारले आणि माझा आवाज बसला. दारावर 'धूम्रपान निषिद्ध' अशी ठळक पाटी होती. धुळीविषयी त्याला कोणी एक अक्षर सांगितले नव्हते. त्याला बाहेर ओट्यावर बसवून मी मामांची राळ सांगितली, तर त्याला ती लगेच कळली, कारण त्याच्याही गावात जत्रा भरते.

संध्याकाळी व्यवस्थापकांचा फोन आला. अहवालात हे लिहायलाच हवे का, असे ते विचारत होते. लिहून झाले आहे.