खंबाटकीचा भंडारा आणि आमचे साहेब

गाडी माझी आहे. हप्ते मी फेडले, आरसी माझ्या नावावर, चालवतेही मीच, कारण आमच्या नवऱ्याचं आणि क्लचचं लग्नाआधीपासून पटत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण गेले चार दिवस हे कुणालाही सांगून पटलेलं नाहीये.

तर मामेबहिणीचा साताऱ्यात साखरपुडा, मे महिन्यातला रविवार, सकाळचे साडेअकरा आणि खंबाटकी घाट. पुढे ट्रक, मागे ट्रक, फर्स्ट गिअर. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधली जागा सोडून एचच्या, म्हणजे हॉटच्या दिशेने निघाला तसा मी एसी बंद केला आणि हीटर फुल्ल सोडला. नवरा किंचाळलाच. अरे बाबा, हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला छोटा रेडिएटरच असतो, इंजिनाची गरमी आत ओढतो, तेवढाच इंजिनाला आराम, आपण शिजलो तरी चालेल. पुढचा अर्धा किलोमीटर तो खिडकीतून मान बाहेर काढून बसला होता, जत्रेला निघालेल्या बोकडासारखा.

डावीकडे जागा मिळाली तिथे थांबवली. तिथे आधीच एक गाडी बोनेट उघडून उभी, बोनेटमधून वाफ, आणि तिच्याकडे पाठ करून एक काका. हे लक्षात ठेवा, स्वतःच्या गाडीकडे पाठ.

"तापली का हो?" काका नवऱ्याला.

"हो," मी.

"साहेब, निघताना पाणी बघितलं होतं का?" परत नवऱ्यालाच.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की कुलंट बाटलीत मॅक्सच्या रेघेला आहे, कुठे गळत नाहीये, पंखा चालू आहे. काकांनी हे सगळं नवऱ्याच्या तोंडाकडे बघत ऐकून घेतलं, जणू बोलतोय तो आणि मी फक्त डबिंग करतेय.

"पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढलीत," काका म्हणाले. "पाण्याचं मला सांगू नका. हे बघा साहेब, रेडिएटर म्हणजे धरण धरा. हे पाइप म्हणजे कालवे. इंजिन हे आपलं लाभक्षेत्र. आता मला सांगा, धरणात पाणी आहे, कालवा धड आहे, तरी टेलच्या शेतकऱ्याला पाणी का नाही?"

"का नाही?" नवऱ्याने विचारलं. मनापासून विचारलं हो! हा माणूस कॉमर्सचा. बोनेट आतून कुठून उघडतं ते अजून त्याला माहीत नाही.

तोपर्यंत मी पदर खोचून फडक्याने पाइप चाचपत होते. वरचा फडक्यातूनही धरवेना आणि खालचा चक्क गार. इंजिनात पाणी उकळायच्या बेतात आणि रेडिएटरच्या तळाला त्याचा पत्ताच नाही, पंखा बिचारा थंड रेडिएटरला वारा घालतोय. तापलेलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी थर्मोस्टॅटची झडप ८२ ते ८८ डिग्रीच्या आसपास उघडायला हवी, ती उघडत नव्हती. दुसरी कारणं असू शकतात, पंप गेलेला असू शकतो, रेडिएटर चोक असू शकतो, पण माझा संशय पहिला तिच्यावर. मी म्हटलं, "खालचा पाइप गार आहे. थर्मोस्टॅट अडकलाय."

काकांनी वाकून खालचा पाइप धरला. दोन सेकंद डोळे मिटले, नाडी बघितल्यासारखे.

"साहेब, खालचा गार लागतोय. गेट अडकलंय."

"हे आत्ता तीच म्हणाली," नवरा म्हणाला. याचे त्याला मार्क दिलेत मी.

"हो का? वा वा. मिसेसही लक्ष घालतात म्हणजे."

मला हे नवीन नाहीये. एकदा कर्वेनगरात भर पावसात मी स्टेपनी बदलत होते आणि हा वर छत्री धरून उभा होता, तर जाणारे एक गृहस्थ थांबून याला म्हणाले, शिकवताय वाटतं, छान. छत्री धरायला कोण शिकवतं मग?

आता काकांची गाडी. तिच्या रेडिएटरला चीर, खाली थारोळं. मागच्या सीटवर दार उघडं टाकून काकू बसलेल्या, मांडीवर भंडाऱ्याची पिशवी, कारण मंडळी जेजुरीहून येत होती.

"पिशवी दे गं. रेडिएटरमधे टाकतो. हळदीने लीक धरतं."

"देवाचा भंडारा आहे, पाच घरी वाटायचाय. आणि पीठच जास्त असतं हल्ली त्यात, लापशी होईल आत. घरची तोटी सहा महिने टपकतेय ती धरा आधी."

काकांनी पिशवी ओढून घेतली. मग एका हातात पिशवी, दुसऱ्यात रुमाल, आणि रुमाल रेडिएटरच्या झाकणावर. मी ओरडले, गरम झाकण उघडू नका. आत प्रेशर असतं म्हणून पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल झालं की सगळं एकदम वर येतं.

"मिसेस घाबरतात," काका नवऱ्याला म्हणाले आणि झाकण पाव फिरवलं.

फिस्स! काका नशिबाने मागे उडाले, भाजले नाहीत. पिशवी मात्र वर उडाली. माझी काठापदराची साडी, नवऱ्याचा पांढरा कुर्ता, दोन्ही इंजिनं, सगळं पिवळंधमक. शेजारून रांगत जाणाऱ्या ट्रकच्या क्लीनरने अर्धा बाहेर लटकून आरोळी ठोकली, "यळकोट यळकोट जय मल्हार!" आणि काकूंनी बसल्या जागी हात जोडले.

पाऊण तासाने काटा उतरला आणि आम्ही तीनदा थांबत साताऱ्याला पोचलो. दारातच मामी म्हणाली, "अगं, हळद पुढच्या महिन्यात आहे."

दुसऱ्या दिवशी गॅरेज. मी थर्मोस्टॅट म्हणाले, मेकॅनिकने नवऱ्याला "रेडिएटर चोक आहे साहेब" सांगून फ्लश केला. अठराशे रुपये. ट्रायलला काटा परत वर. मग थर्मोस्टॅट काढला आणि म्हणतो, "नवीन नको साहेब, तसंच जोडतो, आपल्याकडे काय बर्फ पडतो का?" तो नसला की इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त पितं, हे मी मेकॅनिकला सांगितलं. मेकॅनिकने नवऱ्याला विचारलं, "टाकू का मग नवीन?" बिल नवऱ्याच्या नावाने. गाडीचा नंबर तेवढा बरोबर होता.

जुना थर्मोस्टॅट मी मागून आणला. पुण्याला घरी आल्यावर चहाच्या जुन्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात टाकला आणि गॅस मोठा केला. खळखळून उकळी आली, पातेलं थडथडायला लागलं, झडप मिटलेली ती मिटलेलीच. नवऱ्याने फोटो काढला. मला वाटलं, आमच्या ग्रुपवर टाकेल.

त्याने तो काकांना पाठवला. घाटात नंबर घेतला होता म्हणे.

मिनिटात उत्तर. "मी म्हटलं होतं साहेब, गेट अडकलंय." पुढे अंगठा. खाली आणखी एक ओळ. "मिसेसना सांगा, अधूनमधून पाणी बघत जा म्हणावं."